डिप्लोमाच्या पोरांनी निकाल पाडला म्हणे!

मागच्या आठवड्यात आमच्या भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यक्रमाला बातमीसाठी गेलो होतो. गुणवंतांचा सत्कार, नारळ, शाल, नेहमीचंच. शेवटी प्राचार्य बोलायला उभे राहिले. सेकंड इयरचा निकाल यंदा का घसरला याचं कारण त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं : "डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांचं गणित कच्चं असतं, त्यामुळे टक्का खाली येतो." समोर टाळ्या वाजवायला बसलेल्यांत निम्मी पोरं डिप्लोमाचीच होती. ती खाली मान घालून बसली.

हे वाक्य दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नव्हतं. मीच लिहिलं नाही. कॉलेजचं नाव मी इथंही घेत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. पण बातमीत का लिहिलं नाही, ते सांगतो. दर जूनमध्ये आमच्या पेपरची शैक्षणिक पुरवणी निघते. तिच्या पानभर जाहिराती अशाच कॉलेजांच्या असतात आणि जाहिरातीशेजारचा मजकूर बऱ्याचदा माझ्या हातचा असतो. "डिप्लोमानंतर थेट द्वितीय वर्ष : सुवर्णसंधी!" हे शीर्षक मी आजवर किमान सहा वेळा दिलंय. एकदा उद्गारचिन्हं दोन दिली होती.

त्या सुवर्णसंधीबद्दल आज जरा मोकळं लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात दहावी-डिप्लोमाचं पोरगं आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी ज्यांना हा मार्ग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा. मग तंत्रशिक्षण मंडळाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं, सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वेगळी प्रवेश परीक्षा नाही. खुल्या गटाला डिप्लोमाला किमान 45 टक्के आणि राखीव गटाला 40 टक्के हवेत. मंजूर जागांच्या दहा टक्के जागा या मुलांसाठी वरच्या वर असतात, आणि त्याशिवाय पहिल्या वर्षाला ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्याही यांनाच मिळतात.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागा. पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजात अशा जागा किती राहणार? त्या राहतात आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांच्या कॉलेजात, सिव्हिलला, मेकॅनिकलला. म्हणजे ज्या कॉलेजचे वर्ग पहिल्या वर्षी अर्धे ओस पडलेले असतात, ते दुसऱ्या वर्षी डिप्लोमाची पोरं येऊन भरतात. तीन वर्षांची फी येते, शिक्षकांच्या नोकऱ्या टिकतात, बस चालू राहते. या पोरांनी निकाल पाडला असेल नसेल, कॉलेज मात्र त्यांनीच उभं ठेवलंय. स्टेजवरून हे कोणी सांगत नाही.

आता त्या कच्च्या गणिताकडे येऊ.

डिप्लोमाला गणित पहिल्या दोन सेमिस्टरला असतं. तिथं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स होतात. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी, दहावीतून नुकतंच बाहेर पडलेलं पोरगं ते शिकतं. नंतरची दोन वर्षं पेपर म्हणून गणित नाही. त्या काळात ते लेथवर उभं राहतं, सर्व्हे करतं, ट्रेनिंगला जातं, प्रोजेक्ट करतं. मग दोन वर्षांच्या खंडानंतर ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसतं आणि समोर येतं एम-थ्री. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फुरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस. विद्यापीठागणिक क्रम थोडा मागेपुढे होतो, पण माल हाच. आणि हा सगळा माल पहिल्या वर्षाच्या एम-वन, एम-टूवर उभा आहे. व्हेक्टर कॅल्क्युलसला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात. डिप्लोमाच्या बहुतेक शाखांत पार्शल डेरिव्हेटिव्ह हा शब्दसुद्धा येत नाही. बारावीहून आलेली मुलं बारावीचं गणित, वर पहिल्या वर्षाचे दोन पेपर करून आलेली असतात. याला कच्चं गणित म्हणत नाहीत. न शिकवलेलं गणित म्हणतात.

माझ्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचा मुलगा. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं त्यांचं शेड आहे, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला. पोरगं सरकारी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला 91 टक्के घेऊन पास झालं. दुसऱ्या राउंडला घरापासून सहा तासांच्या अंतरावर जागा लागली. सगळ्या गल्लीनं पेढे खाल्ले, मीही खाल्ले. मुलगा कॉलेजला हजर झाला तेव्हा वर्ग सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. पाचव्या दिवशी पहिली युनिट टेस्ट होती.

त्याला हॉस्टेल मिळालं नाही, कारण खोल्या जुलैतच भरल्या होत्या. गावाबाहेर तिघांत एक खोली घेतली. एम-थ्रीच्या तासाला मॅडम फळ्यावर गणित मांडायच्या, मधल्या चार पायऱ्या सोडायच्या आणि म्हणायच्या, "हे तुम्ही फर्स्ट इयरला केलंच आहे." पोरगं मला सांगत होतं, "काका, मी तर फर्स्ट इयरला इथं नव्हतोच. मग मी शेजारच्याच्या वहीत बघायचो. त्यालाही येत नव्हतं, पण निदान त्याच्याकडे वही होती."

मॅडमचाही दोष मी फारसा धरत नाही. तासिका तत्त्वावर काम करणारी बाई, ऐंशी मुलांचा वर्ग, सिलॅबस संपवायचा धाक. तिनं मागच्या बाकावरच्या वीस पोरांसाठी एम-वन पुन्हा शिकवायचं कधी?

आता याच मुलाची दुसरी बाजू ऐका. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये युटीएमवर स्टीलचा बार ओढायची टेस्ट असते. ती त्यानं डिप्लोमाला केली होती. बापाच्या शेडमध्ये लोखंड कुठं आणि कसं तुटतं हे तर तो बारा वर्षांचा असल्यापासून बघतोय. लॅबमध्ये तो बाकीच्यांना ग्राफ समजावून सांगायचा. वर्कशॉपमध्ये लॅब असिस्टंट त्यालाच हाक मारायचे. म्हणजे जे त्याला येत होतं ते त्याला पहिल्यापासून परत शिकवलं, हजेरी घेऊन, जर्नल लिहून घेऊन, सबमिशनसाठी दारात उभं करून. आणि जे येत नव्हतं ते येतंय असं धरून पुढे गेले. सिव्हिलच्या पोरांचं हेच. सर्व्हेइंग डिप्लोमाला केलं, पुन्हा सेकंड इयरला केलं. त्याच डम्पी लेव्हलवर तीच रीडिंगं. त्यातले तीस तास गणिताला दिले असते तर कुणाचं काय बिघडलं असतं?

वर्षाच्या शेवटी त्या मुलाचा एम-थ्री गेला, अजून दोन गेले, आणि तो वायडी बसला. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी : इयर डाऊन. वर्ष घरी. सध्या तो एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटी कामावर आहे. त्याच्या वडिलांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त एकदा चहा पिताना म्हणाले, "तुमच्या पेपरात वाचूनच टाकलं होतं नाव." माझा चहा तसाच राहिला.

तर प्राचार्य महाशय, हा तुमच्या निकालाचा टक्का.

आता कोणी म्हणेल, ही रडकथा आहे, नियमात तरतूद काय आहे ते सांगा. सांगतो. तरतूद आहे! एआयसीटीईच्या मान्यतेच्या हँडबुकमध्ये, थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या पात्रतेजवळच लिहिलंय की वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स द्यावेत. काळ्यावर पांढरं, म्हणजे पांढऱ्यावर काळं. काही चांगल्या कॉलेजांत तो होतो, हे मान्य. बाकी ठिकाणी काय होतं? मी आमच्या भागातल्या अकरा मुलामुलींना विचारलं, चार वेगवेगळ्या कॉलेजांतल्या. ब्रिज कोर्स झाला असं सांगणारी एकच निघाली. तो दोन दिवसांचा होता, आणि त्यातला पहिला दिवस स्वागत समारंभात गेला.

अकरा म्हणजे काही सर्व्हे नाही, मला कळतं. पण ज्यांचं काम सर्व्हे करायचं आहे त्यांनी केला का? डिप्लोमाची किती मुलं सेकंड इयरला आली, किती त्याच वर्षी थर्ड इयरला गेली, किती तिथंच गळाली, हा हिशेब प्रत्येक विद्यापीठाच्या परीक्षा विभागाच्या कॉम्प्युटरात पडलेला आहे. तो वेगळा काढून लोकांपुढे ठेवायचं मनावर कोण घेतंय?

शेजारी बघा. आंध्र आणि तेलंगणात डिप्लोमावाल्यांसाठी ईसेट नावाची वेगळी परीक्षा असते. 200 मार्कांच्या पेपरात 50 मार्क गणिताचे. म्हणजे तिथलं पोरगं सेकंड इयरला बसायच्या आधी निदान एकदा गणिताचं पुस्तक उघडतं. आपल्याकडं तेवढंही नाही. अर्थात मी नवी परीक्षा आणा असं म्हणत नाहीये. नवी परीक्षा आली की आठ दिवसांत गावात नवा क्लास उघडतो, आणि त्याचीही जाहिरात आमच्याच पुरवणीत येते.

आणखी लांबचं उदाहरण देतो, अमेरिकेचं. आपल्याकडचे पुष्कळ लोक आता तिकडं आहेत, त्यांना हे माहीत असेल. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेज म्हणून असतं, घराजवळ, कमी फीचं. तिथं पहिली दोन वर्षं करायची आणि मग युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला जायचं. आपल्या डिप्लोमासारखाच गरिबाघरच्या, नोकरी करत शिकणाऱ्या मुलांचा रस्ता. पण तिथं कम्युनिटी कॉलेजचा कुठला पेपर युनिव्हर्सिटीच्या कुठल्या पेपराच्या बरोबरीचा, याची यादी सरकारी मदतीवर चालणाऱ्या असिस्ट नावाच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडी असते. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स हे पोरगं आधीच, छोट्या कॉलेजात, छोट्या वर्गात उरकतं, आणि मग मोठ्या ठिकाणी जातं. तिथंही सगळं गोड नाही. ट्रान्सफर घ्यायचं ठरवून आलेली बरीच मुलं मधेच गळतात. पण निदान पुढच्या दारात काय विचारणार आहेत, हे मागच्या दारात सांगितलेलं असतं.

आपल्याकडं मंडळ वेगळं, सीईटी सेल वेगळा, विद्यापीठ वेगळं. मंडळ म्हणतं आमचा डिप्लोमा नोकरीसाठी आहे, गणित वाढवलं तर पोरं पळून जातील. सीईटी सेल म्हणतो आम्ही फक्त जागा वाटतो. विद्यापीठ म्हणतं आमच्याकडे आलं तेव्हाच कच्चं आलं. तिघंही याच राज्याची. एकाच घरातल्या तीन जावांनी एकमेकींकडे बोट दाखवावं आणि लेकरानं उपाशी झोपावं, तसं चाललंय.

उशिराचंच घ्या. डिप्लोमाचा निकाल साधारण जूनमध्ये लागतो. तिथून डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी, ऑप्शन फॉर्म, राउंड एक, राउंड दोन, मग पुढचे. तोवर बाकीच्या मुलांचा एक युनिट संपलेला असतो. जातपडताळणी, नॉन-क्रिमिलेअर यांच्या चकरा वेगळ्याच. हे दरवर्षी होतं. दरवर्षी होणाऱ्या गोष्टीला उशीर म्हणत नाहीत, वेळापत्रक म्हणतात. तसं असेल तर या मुलांचं सेमिस्टर तेवढं पुढे न्या, नाहीतर राउंड मागे आणा. पुढे न्यायला कॉलेज तयार नाही, कारण पेपर सगळ्यांचे एका दिवशी. मागे आणायला वरचे तयार नाहीत. हजेरी मात्र पहिल्या दिवसापासून मोजतात! एका मुलीच्या घरी "आपल्या पाल्याची उपस्थिती 75 टक्क्यांपेक्षा कमी" असं पत्र आलं. त्या महिन्यातले निम्मे दिवस तिचा प्रवेशच झाला नव्हता. तिची आई अंगणवाडीत मदतनीस आहे. पत्र घेऊन ती माझ्याकडे आली, पोरगी तिकडं नेमकं काय करतेय ते विचारायला.

मुलींचं तर अजून. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. उत्तम निर्णय, मी तेव्हाही लिहिलं होतं, आजही म्हणतो. त्यामुळं डिप्लोमा करून घरी बसणार होत्या अशा मुली पुढे जायला लागल्या. पण फी माफ करून पोरीला सप्टेंबरमध्ये अनोळखी गावात हॉस्टेलशिवाय, गणिताशिवाय सोडायचं, आणि ती वर्षभरात परतली की बाप म्हणणार, बघ, सांगत होतो. पुढच्या दोन बहिणींचाही रस्ता तिथंच बंद.

दुसऱ्या बाजूचंही खरं आहे ते बोललं पाहिजे, नाहीतर कमेंटमध्ये तुम्ही बोलणारच आहात. हो, काही खाजगी पॉलिटेक्निकमध्ये ओरल-प्रॅक्टिकलचे मार्क खिरापतीसारखे वाटतात. 88 टक्क्यांचं पोरगं साधा अपूर्णांक सोडवताना अडकतं, हे मी पाहिलंय. पण मग त्या 88 टक्क्यांवर सही कुणाची आहे? पोरानं स्वतः छापलेत का ते? सर्टिफिकेट देताना कौतुक, मेरिट लावताना कौतुक, फी घेताना कौतुक, आणि एम-थ्रीचा निकाल लागला की "डिप्लोमाची पोरं".

आणि ते "मागच्या दारानं आलेले" हे बोलणं तर बंदच करा. दहावी, दोन वर्षं बारावी, चार वर्षं इंजिनिअरिंग : सहा वर्षं. दहावी, तीन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं इंजिनिअरिंग : सहाच वर्षं. कुणी एक दिवस वाचवलेला नाही. ज्याच्या घरात अकरावी-बारावीच्या क्लासचे लाख-दोन लाख भरायला नव्हते, आणि ज्याच्या बापाला वाटलं की मधेच पैसे संपले तर निदान हातात एक कागद असावा, त्यानं हा रस्ता धरला. यात लबाडी कुठं आली? मी स्वतः डिप्लोमावाला आहे, पत्रकारितेचा का असेना. पदवीवाल्यांच्या टेबलाशी बसताना मान कशी थोडी आखडते, ते मला ठाऊक आहे.

मागणी फार मोठी नाही. निकाल जूनमध्ये लागतो आणि प्रवेश उशिरा होतो, तर मधले दीड-दोन महिने ही मुलं घरी बसून मोबाईलवर राउंडची वाट बघतात. याच काळात, त्यांच्याच पॉलिटेक्निकमध्ये, त्यांच्याच ओळखीच्या सरांकडून, साठ तासांचं गणित घ्या. जागा कुठं लागणार हे ठरायच्या आधीच. इमारत आहे, फळा आहे, सुट्टीमुळं वर्ग रिकामे आहेत. जे सर तासिकेवर आहेत त्यांना तेवढ्या तासांचे पैसे द्या. विद्यापीठानं फक्त एवढं करायचं की या मुलांची पहिली युनिट टेस्ट वेगळी, उशिरा घ्यायची आणि हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजायची. याला कायदा बदलावा लागत नाही. एक परिपत्रक लागतं.

काल मी आमच्या विद्यापीठाकडं माहितीच्या अधिकारात अर्ज पोस्ट केला. चार प्रश्न विचारलेत : मागच्या तीन वर्षांत संलग्न कॉलेजांत थेट दुसऱ्या वर्षाला किती मुलं आली, त्यातली किती पुढच्या वर्षी तिसऱ्याला गेली, ब्रिज कोर्स कुठल्या कॉलेजात किती तासांचा झाला, हजेरीपटाच्या प्रतीसह, आणि तो झालाच नसेल तर विद्यापीठानं त्याबद्दल कुणाला कधी विचारलं. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथं टाकीन, "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं आलं तरी.

तोपर्यंत एक मदत करा. ज्यांची मुलं यंदा किंवा मागच्या वर्षी डायरेक्ट सेकंड इयरला गेली, त्यांनी मला तीन तारखा मेसेजमध्ये पाठवा : वर्ग कधी सुरू झाले, तुमचं मूल कधी हजर झालं, पहिली टेस्ट कधी होती. नावं मी कुठंही टाकणार नाही. फॅब्रिकेशनवाल्या दादांनी त्यांच्या तारखा आजच सकाळी चिठ्ठीवर लिहून दिल्या, वेल्डिंग रॉडच्या खोक्याच्या फाटक्या पुठ्ठ्यावर. आणि जूनच्या पुरवणीचा तो लेख यंदा मी लिहिणार नाही, हे संपादकांना काल सांगून टाकलंय. ते काय म्हणाले ते नंतर कधीतरी सांगेन.